आभाळाला टांगलेल्या बांगड्या

अमेरिकेतल्या अर्विंगच्या त्या इंडियन ग्रोसरीच्या मागच्या किचनमध्ये शोभनाकाकू दिसायच्या आधी ऐकू यायच्या. दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या, कणीक मळायला घेतली की नुसता खणखणाट. शेजारच्या टेबलावर सामोसे भरणारी नेनिता म्हणायची, "काकूंचा आवाज बंद झाला की समजायचं, आता कुणाची तरी हजेरी घेणार." नेनिता फिलिपिन्सची, इलोइलोकडची. काकूंचं इंग्लिश मोडकं, नेनिताचं मराठी फक्त 'काकू', 'चहा' आणि 'गप बस' एवढंच. पण दोघींचं तोंड दिवसभर चालू.

काकू मूळच्या गुहागरच्या. सात वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणाला आल्या आणि इथल्याच झाल्या. नात अनिका शाळेत जायला लागली तशा घरात बसून वैतागल्या. एके दिवशी पार्किंग लॉट ओलांडून तडक दुकानात, तिथली पोळी दोन बोटांत उचलली आणि मालकाला तोंडावर विचारलं, "ही पोळी आहे की पायपुसणं?"

मिहीरने, म्हणजे मालकाने, त्याच आठवड्यात त्यांना कामावर घेतलं. पोरगा समजूतदार.

काकूंचा मुलगा ऋषी मात्र चिडला. "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, आधी खाऊन बघा."

चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या, पण स्वतःचं नाव छापलेला एप्रन पहिल्यांदाच मिळाला होता. तो त्या घरी हाताने धुवायच्या. सुनेच्या मशीनवर विश्वास नव्हता.

लफडं झालं होळीच्या आदल्या दिवशी. पुरणपोळ्यांची भलीमोठी ऑर्डर होती, आणि कणीक मळताना एक बांगडी वाढली. 'फुटली' असं काकू कधीच म्हणत नाहीत. काच गोळा करून त्यांनी बांगडी जुळवून बघितली. एक तुकडा कमी. टेबल, फरशी, एप्रनचा खिसा, सगळं बघितलं. नाहीच. मग शांतपणे अख्खी परात उचलली आणि सगळी कणीक कचऱ्यात. कुणालाही कळलं नसतं, पण त्या स्वतःच मिहीरकडे गेल्या.

"बांगडी वाढली. कणीक टाकून दिली. कुणाच्या पोराच्या घशात काच गेली असती म्हणजे?"

मिहीरने कपाळावर हात मारला. "काकू, मी सांगत होतो की नाही? मनगटावर काहीही चालत नाही, रूल आहे यार. इन्स्पेक्टर या आठवड्यात कधीही टपकेल. आता बांगड्या तरी नाहीतर काम तरी. सॉरी."

"मोकळ्या हातांनी उभी राहू? नवरा जिवंत असताना?"

घरी नवऱ्याने, हेमचंद्रकाकांनी, टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "अगं, माझं हृदय तुझ्या बांगड्यांवर चालत नाही. काढून ठेव."

"तुम्ही गप्प बसा. हात तुमचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, पण मळायला हात लावेनात. मिहीरने नुसतं घड्याळाकडे बघितलं. दुपारी मागच्या दाराशी, कांद्याच्या क्रेटवर बसून डबा खाताना काकू म्हणाल्या, "आजचा लास्ट डे, नेनिता."

नेनिताने चमचा खाली ठेवला. "थांब. माझी लोला सांगायची ते ऐक." लोला म्हणजे तिच्याकडची आजी.

खूप पूर्वी आभाळ अगदी खाली होतं म्हणे. हात वर केला की लागेल इतकं. सूर्य होता, पण चंद्र नव्हता, चांदण्या नव्हत्या. एक बाई भात कांडायला निघाली. गळ्यात मण्यांची माळ, केसांत कंगवा. काम करताना मध्ये येतात म्हणून दोन्ही काढले आणि आभाळालाच टांगले, खुंटीला टांगावेत तसे. मग लागली कांडायला. मुसळ जोरात मारायचं तर आधी उंच न्यायला लागतं, हे काकूंना सांगायची गरज नव्हती. गुहागरला त्यांनी पोह्यांसाठी भात कांडलाय. तर प्रत्येक वेळी मुसळ आभाळाला ठोकरायचं, धाड, आणि आभाळ वर सरकायचं. वर, वर, पार वर गेलं. कंगव्याचा झाला चंद्र, मण्यांच्या झाल्या चांदण्या.

"बघ," नेनिता म्हणाली, "काढून ठेवलं म्हणून किती छान झालं!"

"छान काय?" काकू उखडल्या. "म्हणजे गेलीच ना बिचारीची माळ! मी तेच म्हणतेय, काढली की गेली!"

नेनिताचा चेहरा बघण्यासारखा झाला. समजवायला गेली आणि उलटंच झालं. मग काकूंनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "राइस? फिनिश झाला का तिचा?"

"काय?"

"भात गं. कांडून झाला की नाही?"

हे लोलाला कधी कुणी विचारलंच नव्हतं. नेनिताने जरा विचार केला. "झाला असणार. पोरं जेवली असणार."

"आणि माळ तिला दिसायची?"

"रोज. मान वर केली की."

"मग ठीक आहे," काकू उठल्या. "मिहीर! हुक लाव. दाराजवळ, एप्रन टांगतात तिथे. मला माझ्या टेबलावरून दिसला पाहिजे. बांगड्या फक्त कामापुरत्या तिथे राहतील, जाताना परत हातात."

मिहीर इतका खूश झाला की लगेच ड्रिल घेऊन पळाला. गडी सहा फूट दोन इंच. हुक लावला स्वतःच्या हिशोबाने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बांगड्या उतरवून त्याच्याखाली उभ्या. टाचा उचलल्या. एक उडी मारली. नाहीच.

नेमक्या त्याच वेळी इन्स्पेक्टरबाई आत आल्या.

काकूंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. टेबलावरचं लांब लाटणं उचललं, बांगड्या त्याच्या टोकावर ओवल्या आणि मुसळासारखं सरळ वर नेलं. ठक! भिंतीचा जरा पोपडा उडाला, पण बांगड्या हुकात. मग लाटणं साबणाने घासून धुतलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि कणकेला भिडल्या. नेनितानेही आपल्या केसांतला कंगवा काढून लाटण्यानेच शेजारी लटकवला, केस जाळीत कोंबले, आणि तिनेही लाटणं धुतलं.

इन्स्पेक्टरबाईंनी काकूंची मोकळी मनगटं बघितली, मग वर बघितलं. "व्हॉट इज दॅट?"

"मून," नेनिता म्हणाली. "अँड स्टार्स."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि हसत पुढे गेल्या. पास.

त्या दिवशी किचनमध्ये खणखणाट नव्हता. काकूंनाच करमेना. दर चार पोळ्यांमागे मान वर करून बघायच्या: आहेत. संध्याकाळी एप्रन काढला, हुकाखाली उभ्या राहिल्या आणि लाटणं हातात घेऊन ओरडल्या,

"अरे ए मिहीर! तुझं आभाळ आधी खाली आण. मला घरी जायचंय!"