चांगुणाबाईचा टांगलेला तंबू

डोणगावपासून दोन कोसांवरच्या एका वावरात रोज सकाळी एक बाई झाडाला शिव्या द्यायची. झाड कडुलिंबाचं, बाई चांगुणा. शिव्या ज्याच्यासाठी होत्या तो माणिकराव बांधापलीकडे चाळीस पावलांवर मान खाली घालून तुषार सिंचनाचे पाइप बदलत असे. चांगुणाने त्याच्याशी अबोला धरला होता, आणि अबोला म्हणजे अबोला, त्यात शिवीसुद्धा बसत नाही. म्हणून मग झाड.

"लिंबा, तुह्या खोडाले वाळवी लागो! लिंबा, तुह्यासमोर माणूस मरते अन् तू उभाच्या उभा!"

लिंब बिचारा काय बोलणार? माणिकरावही कधी बोलला नाही.

चांगुणाला तापट म्हणणं म्हणजे तिची बाजू घेणं झालं. लग्नाच्या पहिल्या वर्षी थोरल्या दिराने तिच्यावर हात उगारला, तेव्हा तिने मुसळ फेकून मारलं. दिराचा खांदा जन्माचा एका बाजूला कलला. पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं, तेव्हा गडीमाणसं पत्र्यावर चढली आणि हिने दगडाच्या पाट्याने त्याचं डोकं ठेचलं. गावात तिच्या वाटेला कुणी जात नसे. नवरा तेवढा तिला पाहून हसायचा. निवृत्ती त्याचं नाव. हिचा आवाज चढला की तो तंबाखू मळत म्हणायचा, "झालं? आता पाणी पे." आणि ती खरंच पाणी प्यायची. त्या माणसात काय होतं ते त्याच्यामागे तिला कळलं, आणि फार कळलं.

निवृत्तीला रानडुकराने मारलं. दोन वर्षांमागची गोष्ट. मका कणसावर आला होता. राखणीसाठी दोन्ही वावरांत माळे उभे होते, चार बल्ल्यांवर फळ्या टाकून केलेले. एकावर निवृत्ती, दुसऱ्यावर माणिकराव. लंगोटीयार दोघे, माळ्यावरून माळ्यावर गप्पा मारायचे. दिवस बुडता बुडता निवृत्ती शेकोटीला लाकडं घालायला खाली उतरला आणि मक्यातून सुळेवाला नर निघाला. पहिल्या धडकेत मांडी फाटली. दुसऱ्या धडकेत पोट. माणिकराव वरून ओरडत राहिला, डबे बडवत राहिला, पण खाली आला नाही. डुक्कर निघून गेल्यावर आला. तोवर निवृत्तीच्या अंगातलं रक्त काळ्या मातीने पिऊन टाकलं होतं. मांडी आवळून बांधायला एक दुपट्टा पुरला असता, आणि दुपट्टा माणिकरावच्या खांद्यावरच होता.

"माही शिडी सरकली वैनी," माणिकराव रडत म्हणाला. "उतरताच येईना मले."

गावाने मान डोलावली. चांगुणाने मात्र जाऊन शिडी पाहिली. माळ्याला तारेने आवळलेली ती शिडी जागच्या जागी होती. तिने दोन्ही हातांनी हिसडून पाहिली. तसूभर हलली नाही. त्या दिवसापासून चांगुणाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पीक नको, लेकीकडे जाऊन राहणं नको. माणिकरावने स्वतःच्या तोंडाने एकदा म्हणावं, की शिडी सरकली नव्हती, मी भ्यालो. बस. हे ऐकल्याशिवाय मरायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ठरवलेलं सोडणारी ती नव्हती.

तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने निवृत्तीचा माळा कुऱ्हाडीने फोडून चुलीत घातला. पण मका पुन्हा पेरलाच, लोक नको नको म्हणत असताना. राखण स्वतः करायची, तीही जमिनीवर बाज टाकून. पहिल्या पंधरवड्यात बाजेखाली मण्यार निघाली. ती तिने काठीने मारली, मेल्यावरही मारली, पण त्यानंतर तिचा डोळा लागेना. अंग वाळून गेलं. तेव्हा तिच्या बहिणीची मुलगी प्रतीक्षा एक गाठोडं घेऊन आली. प्रतीक्षा लोणारला सरोवर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवते. कुण्या पाहुण्याने जाताना तिला एक तंबू देऊन टाकला होता.

"मावशी, हा जमिनीवर नाई लावत. दोन झाडायच्या मधात टांगतात."

"म्हंजे पाळणा?"

"पाळणाच. एकाच माणसाचा."

कडुलिंब आणि बाभूळ यांच्या खोडांना रुंद पट्टे आवळले आणि तंबू पुरुषभर उंचीवर ताणून बसवला. खाली ताठ कापड, वर जाळी, जाळीवर पावसाचं छप्पर, एका बाजूला चेन. लिंबाला शिडी टेकवली. चांगुणा आत शिरली, चेन ओढली आणि पाठ टेकली. बाजेचे सुंभ पाठीला रुततात, माळ्याच्या फळ्या बरगड्यांना लागतात. इथे काहीच लागेना. डास बाहेर गुणगुणत राहिले. साप-विंचू खाली. कूस बदलली की तंबू थोडा हले आणि पुन्हा स्थिर होई. पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईला जन्मात असं कुणी उचलून धरलं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर येईस्तोवर झोपली आणि डुकरांनी मक्याच्या चार ओळी फस्त केल्या.

गावाला तेवढंच हवं होतं. "चांगुणाबाई पाळण्यात निजते, डुकरं अंगाई म्हणतात!" पण हार मानेल ती चांगुणा कसली. तिने मक्याच्या चारी बाजूंनी दोरी फिरवून तिला तेलाचे रिकामे डबे बांधले आणि दोरीचं टोक तंबूत आणून मनगटाला गुंडाळलं. चाहूल लागली की पडल्या पडल्या हिसका द्यायचा. वावरभर असा खणखणाट व्हायचा की डुकरं वाट फुटेल तिकडे पळत. सुखही झालं आणि राखणही झाली. त्या सुखाची तिला कधीकधी लाज वाटे. निवृत्ती फळ्यांवर झोपला आणि मातीत मेला, आणि आपण इथे गादीवर असल्यासारख्या. लाज वाटली की सकाळच्या शिव्या जरा वाढत.

त्या शिवारात राखणीचा एक रिवाज आहे. आपल्या वावरातून डुकरं हुसकली की ती शेजाऱ्याच्याच वावरात जाणार, त्याला इलाज नाही. म्हणून हुसकण्याआधी हाळी द्यायची: "हाऽऽ, आले होऽऽ!" शेजाऱ्याने उलटी हाळी दिली की मगच डबे वाजवायचे. कितीही वैर असो, हाळी चुकवत नाहीत. चांगुणा दोन वर्षं ही हाळी लिंबाला देत आली होती. "लिंबा, आले होऽऽ" म्हटलं की माणिकराव समजून घेई आणि माळ्यावर चढे.

माघ महिना होता. तांबडं फुटलं होतं, माणसं ओळखू येऊ लागली होती. शेतीची वीज पहाटेचीच यायची, म्हणून माणिकराव बांधाजवळ वाकून पाइप जोडत होता. चांगुणा जागी होती. जाळीतून तिला त्याची पाठ दिसत होती, पांढरा सदरा, आणि खांद्यावर तो दुपट्टा. तोच होता की दुसरा, कोण जाणे. दुपट्ट्यावरून तिची नजर हटेना. त्याच वेळी मक्यात कडकड झाली. कणसं मोडल्याचा आवाज तिच्या सवयीचा होता. हाळीसाठी तिने तोंड उघडलं. आणि मिटलं.

तिने दोरीला हिसका दिला.

डबे खणाणले. पिलावळ ओढ्याकडे पळाली. पण मागून निघालेला नर, वासराएवढा, सरळ बांधाकडे सुटला. माणिकराव उभा राहतोय न राहतोय तोच तो त्याच्या गुडघ्यांवर आदळला. पाइप हातातून उडाला. माणिकराव पाठीवर पडला, आणि डुकराने खालून वर मान झटकली. धोतरासकट मांडी उसवली.

"वैनीऽऽ! धावा होऽऽ!"

चांगुणा उठून बसली. चेन तिच्या हाताशी होती, कुऱ्हाड उशाला. बरं झालं, तिच्या मनात आलं. मोठ्या समाधानाने आलं. भोग आता.

डुक्कर दहा पावलं गेलं आणि वळलं. या वेळी दंड. हाडाचा आवाज तिला वरपर्यंत ऐकू आला.

"वैनी! निवृत्तीची आण हाय तुमाले!"

निवृत्तीचं नाव ऐकून तिने चेनीवर हात ठेवला. हात हलेना. आपण सूड घेतोय म्हणून हात थांबलाय, असं तिला क्षणभर वाटलं. मग लुगडं ओलं झालेलं तिला कळलं. दात वाजत होते. तंबू थरथरत होता आणि वारा तर पडलेला होता. मुसळ फेकणारी, कुत्रं ठेचणारी चांगुणा त्या मऊ कापडात पाय पोटाशी घेऊन बसली होती, आणि खाली जे चाललं होतं त्याच्यापासून वर, कोरडं, सुरक्षित असणं सोडवत नव्हतं. तिला जायचं होतं. आता खरंच जायचं होतं. शरीर ऐकत नव्हतं.

तिसऱ्या धडकेला माणिकराव ओरडला नाही. नुसता हुंकार आला, बैलाला चाबूक बसल्यावर येतो तसा. त्या आवाजाने काय केलं देव जाणे. तिने चेन ओढली, शिडीकडे न पाहता उडी टाकली, खांद्यावर आपटली आणि कुऱ्हाड घेऊन धावली. पहिला घाव मणक्यावर बसला. डुक्कर पडलं नाही, वळलं, आणि तिची पोटरी फाडून गेलं. ते पुन्हा आलं तेव्हा तिने डोळ्यांच्या मधे घाव घातला. डुक्कर गुडघ्यांवर आलं. मग ती थांबलीच नाही. कवटी फुटली तरी मारत राहिली, दांडा मोडेस्तोवर, रक्त तोंडात जाईस्तोवर. ती डुकराला मारत होती की आणखी कुणाला, हे तिला त्या वेळी विचारून उपयोग नव्हता.

माणिकरावच्या मांडीतून उपळ्या फुटल्यासारखं रक्त येत होतं. दुपट्ट्याच्या डुकराने चिंध्या केल्या होत्या, म्हणून तिने लंगडत धावत जाऊन मोडक्या कुऱ्हाडीच्या पात्याने तंबूचा पट्टा लिंबावरून कापला. तंबू कोसळला. तो पट्टा मांडीच्या वर घालून, गुडघा टेकवून, जीव खाऊन आवळला. शेजारच्या वावरात पिकाला पाणी देणारे ओलितवाले धावत आले, टेम्पो आला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधला म्हणून माणूस हाती लागला. पाय राहील, वाकणार नाही. चांगुणाच्या पोटरीला अठरा टाके पडले. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव तिथे जमलं. माणिकरावच्या बायकोने, जयमालाने, तिचे पाय धरले.

"बाई, तुमी देवावानी धावल्या! दोन वर्स तुमी आमाले शिव्या देल्या, आता जलमभर द्या."

लोक एकमेकांना सांगत होते, बाईने वरून झडप घातली, वाघीण आहे वाघीण. प्रतीक्षाही आली होती, मावशीचा हात धरून बसली होती. चांगुणा माणिकरावच्या खाटेच्या कडेला बसली होती. आयुष्यात तिची एवढी स्तुती कधी झाली नव्हती, आणि एकेक शब्द अंगावर निखारा पडावा तसा पडत होता.

"पण तीन ठिकाणी फाडलं हो," जयमाला डोळे पुसत म्हणाली. "एवढा वखत…" तिला काही विचारायचं नव्हतं. सहज बोलून गेली. पण दोन-चार जणांनी चांगुणाकडे पाहिलं. चाळीस पावलांचं अंतर सगळ्यांना ठाऊक होतं.

माणिकरावने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. तो चांगुणाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हेच तिला सोसेना.

"तंबूची चेन अडकली असन," तो म्हणाला. "लय बारीक असते ते चेन. हो ना वैनी? मी पाह्यलं ना खालून. वैनी वढून राह्यल्या होत्या, पण चेन अडकली होती."

लोकांनी मान डोलावली. "असन, असन," कुणी म्हणालं. "त्या इदेशी वस्तूचं असंच असते." प्रतीक्षाने मावशीचा हात हळूच दाबला. फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की वाघीण ती वाघीण राहणार होती, आणि उद्या सकाळी पुन्हा लिंबासमोर उभं राहता येणार होतं.

"चेन नाई अडकली, भाऊजी," चांगुणा म्हणाली. "चेन चांगली होती. तुमी दिसत होते तरी मी हाळी देल्ली नाई. अन् मंग भेली. अंगात पानीच झालं माह्या. तुमी वरडत होते अन् मी वर बसून होती."

जयमालाचा हात तिच्या पायावरून मागे गेला. माणिकराव छताकडे बघत राहिला. त्याच्या कानशिलावरून पाणी ओघळून उशीत गेलं.

"मीबी, वैनी," तो म्हणाला. "शिडी नोयती सरकली."

ज्या शब्दांसाठी चांगुणाने दोन वर्षं घशाची साल काढली होती ते शब्द आले, सगळ्या गावासमोर आले. तिने त्याच्याकडे पाहिलं. आता संतापायला हवं होतं. तिने आत शोधलं, संताप कुठे सापडेना. दोन वर्षं संतापावर जगलेली बाई रिकामी झाली होती. मग निवृत्ती गेल्यापासून जी रडली नव्हती, ती रडू लागली, अशी मोठ्याने की शेजारच्या खोलीतली नर्स दारात येऊन म्हणाली, बाई, इथे आजारी माणसं आहेत. माणिकरावने धड असलेला हात पुढे केला आणि तो तिने धरला.