ताव न दिलेली पन्नास काडतुसं

प्रभाकर गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात राउंडवर होतो. त्याला सहा आठवडे झाले. लेस्टरच्या मराठी मंडळींच्या शोकसभेत मीही चार शब्द बोललो. जे बोलायला हवं होतं, तेवढं गिळलं.

आम्ही एकाच कॉलेजचे, ऐंशी सालच्या सुमारास बरोबरच इथे इंग्लंडात आलो. तो भूलतज्ज्ञ, मी हाडांचा डॉक्टर. त्याला नेमबाजीचा नाद लागला, आणि पठ्ठ्याने रायफल घेतली तीही अशी जुनी, की तिची काडतुसं बाजारातून केव्हाच गेलेली. मग हा रेंजवरची दुसऱ्याच मापाची रिकामी काडतुसं गोळा करायचा आणि गॅरेजमध्ये साच्यात दाबून आपल्या मापाची करायचा. दाबलेलं पितळ ताठरतं, म्हणून शेवटी प्रत्येकाच्या तोंडाकडच्या गळ्याला ज्योतीवर ताव द्यायचा. नाही दिला तर बार उडताना गळा चिरतो. घासून चकचकीत केली की ताव दिलेलं कोणतं अन् न दिलेलं कोणतं, कळत नाही.

नेमबाजी क्लबातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांकडेही तसल्याच रायफली होत्या. त्यांनाही हा रिकामी काडतुसं करून द्यायचा, त्यांत दारू अन् गोळी ते घरी भरायचे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी चिडवायचो. पण ज्या क्लबात वर्षभर कोणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं, तिथे आता त्याला कॅप्टन करायचं घाटत होतं. त्याला त्याचं अप्रूप कन्सल्टंटच्या नेमणुकीहून जास्त होतं.

एका शनिवारी तो ऑन-कॉल होता. शेवटच्या पन्नासांना ताव देण्याचं काम त्याने माझ्यावर सोपवलं. टीव्हीवर क्रिकेट होतं... मी ती नुसती घासली आणि तयार मालाच्या डब्यात टाकली.

पुढच्या सामन्यात त्यातली दोन तेव्हाच्या कॅप्टनच्या रायफलीत चिरली, त्याचा गाल भाजला. इजा किरकोळ होती, निमित्त पुरेसं होतं. यापुढे आपल्यापुरतीच काडतुसं करा, असं सेक्रेटरीने प्रभाकरला अतिशय सभ्यपणे सांगितलं. कॅप्टनपदाचं नाव पुन्हा निघालं नाही. मी शेजारीच उभा होतो, चहा ढवळत. प्रभाकरने चिरलेल्या गळ्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चूक माझी आहे."

वर्षभरात त्याने क्लब सोडला, रायफल विकली. मला माझी लाज वाटते, पण रागही येतो, त्याचाच. एकदा तोंडावर विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?

गेल्या आठवड्यात वहिनींनी गॅरेज आवरायला बोलावलं. साचे खोक्यात भरताना मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"भाऊजी, त्यांना माहीत होतं. दर रविवारी तुमच्याकडून चहा पिऊन आले की मी विचारायची, भाऊजी बोलले का? नऊ वर्षं ते एकच सांगायचे... आज नाही."