आप्पा, दगड आणि आमची भावकी

आप्पा गेल्याचा फोन त्याच्या मुलाने, महेशने केला. मी बारामतीजवळच्या जळोचीहून कळंबला पोहोचेपर्यंत गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागलासुद्धा होता. माणूस अजून ओसरीवर निजवलेला, आणि इकडे तो ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खाली हसत उभा! फोटो मुंबईच्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरचा, मीच काढलेला. मूळ फोटोत आप्पाच्या मागे ते अवाढव्य खांब होते. खरं तर फोटो खांबांचाच होता, आप्पा नुसता मापाला उभा राहिला होता. फ्लेक्सवाल्याने खांब कापून टाकले आणि त्या जागी एक धबधबा सोडला. वर ढगांमध्ये भावकीतली डोकी, आणि त्यात सगळ्यांत मोठं डोकं आमचा चुलतभाऊ दत्ता याचं, कारण तो सरपंच. मेलेल्या माणसापेक्षाही मोठं. मी रडत गाडीतून उतरणार होते, ती दातओठ खात उतरले.

आप्पा माझा थोरला भाऊ. डाळिंबं पिकवायचा आणि गाडी भरली की मालाबरोबर स्वतः वाशीच्या मार्केटला जायचा. बाकीचे शेतकरी माल विकला की लॉजवर ताणून द्यायचे. हा एकदा तरुणपणी भटकत फोर्टात गेला आणि तिथल्या जुन्या इमारतींच्या नादी लागला तो कायमचा. इतिहास त्याला काडीचा ठाऊक नव्हता. ही कुणी बांधली विचारलं तर म्हणायचा, “गवंड्यानं.” इमारतींना नावंसुद्धा त्याने आपल्या मनाने ठेवली होती... एक जाळीवाली, एक मनोऱ्याची, एक नुसतीच ‘थोरली’. समोरच्या फुटपाथवर उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघायचा आणि गावी येऊन आम्हाला घालूनपाडून बोलायचा. “आपली मानसं घर बांधत्यात व्हय? स्लॅब टाकत्यात!” हे तो कुणाच्याही वास्तुशांतीला, जेवणाच्या पंगतीत बसून, मोठ्याने म्हणायचा. माझ्या फ्लॅटवर पहिल्यांदा आला तेव्हा छताकडे बघून म्हणाला, “खुराडं ब्येस हाय.” मी महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. गोड माणूस होता असं त्याच्याबद्दल आता जो तो सांगतोय. गोड कसला? कडू जहर होता. त्यांना तो माहीतच नव्हता एवढाच त्याचा अर्थ.

एका वर्षी डाळिंबाला बरा भाव मिळाला आणि याला भावकीला मुंबई दाखवायची हुक्की आली. दोन गाड्या करून आम्ही निघालो. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर पोहोचताच बायकांनी चपात्या-ठेच्याचे डबे सोडले. पोरं खांबांकडे पाठ करून स्वतःच्याच तोंडाचे फोटो काढत सुटली. दत्ता तेव्हा नुकताच सरपंच झाला होता. तो पायऱ्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत गेला आणि परत येऊन म्हणाला, “आप्पा, खाली गाळं काढलं आस्तं तर भाडं किती आलं आस्तं रं! जागा वाया घालवली की.”  आप्पाचे कान लाल झाले. पुढे व्ही.टी.समोर त्याने सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे ओळीत उभं केलं आणि उंचावरच्या कोरीव पानांकडे बोट दाखवलं. “तितं वर बघायला कोन जानार हाय? तरी पानाला शिरा काढल्यात बघा.” माणसांनी बघितल्यासारखं केलं. दत्ताच्या बायकोने विचारलं, “आप्पा, साड्यांचं मार्केट कुठं हाय हितं?” ...परतीच्या वाटेवर मी आप्पाच्या शेजारीच बसले होते.  मला त्याची कीव येत नव्हती, त्या दोन गाड्याभर माणसांची शिसारी येत होती. आजही येते.

तिथून आल्यावर त्याला गावातली चावडी दिसायला लागली. दिसायला लागली असंच म्हणायला हवं, कारण जन्मापासून आम्ही सगळे तिच्यासमोरून जात होतो. काळ्या दगडाच्या तीन कमानी, आत सागवानी खांब. तलाठी नव्या इमारतीत गेल्यापासून आत कुत्री झोपायची आणि पत्ते पडायचे. आप्पाने ती झाडून काढायला सुरुवात केली. “ल्हान हाय, पर जात तीच हाय,” म्हणायचा. दत्ताला त्या जागेवर दुकानगाळे हवे होते. दर ग्रामसभेत विषय यायचा आणि दर ग्रामसभेत आप्पा एकटा उभा राहून असा काही तोंड सोडायचा की विषय मागे पडायचा. मुंबईला जाऊन फोनभर फोटो घेऊन आलेले सगळे हात गाळ्यांच्या बाजूने वर असायचे. शेवटचा भेटला तो माझ्याकडेच, बारामतीला डॉक्टरला दाखवून जाताना. चहा पिता पिता म्हणाला, “नले, माझ्यामागं त्ये चावडी पाडत्याल बघ. येकालाबी वर बघता येत न्हाय.” मी म्हटलं, “तू कुठं निघालास एवढ्यात?” त्यावर तो नुसता हसला. तसा हसलेला मला सहन होत नव्हता.

दशक्रिया नीरेच्या काठावर. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे सभाच. मंडप, खुर्च्या, कर्णे लावलेला माईक, आणि आप्पाला उभ्या आयुष्यात एकदाही न भेटलेले पुढारी त्याच्या ‘पोकळी’बद्दल बोलतात. शेवटी दत्ता उठला. गळा दाटून आल्यासारखं करत म्हणाला, “आप्पासाहेबांचं चावडीवर लई प्रेम व्हतं. म्हनून त्याच जागंवर खाली गाळं आन् वर आप्पासाहेबांच्या नावाचं सभागृह बांधायचं आमी ठरवलंय.” ...आणि टाळ्या पडल्या. दशक्रियेला टाळ्या! मी वहिनीकडे पाहिलं. दहा दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती.

पिंड ठेवला. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली, असं गाव मानतं. कावळे पलीकडच्या बाभळीवर होते, पण एक खाली येईल तर शपथ. महेश म्हणाला, “आप्पा, आईला अंतर देनार न्हाय.” कावळा नाही. कुणी म्हणालं बाग मोडणार नाही, कुणी म्हणालं बांधाचं भांडण मिटवतो. ऊन चढलं. पुढारी घड्याळं बघायला लागले, त्यांना आणखी दोन गावच्या दशक्रिया उरकायच्या होत्या. दत्ता एकीकडे कर्ण्यावरून सारखा, “शांतता राखा, कावळा येनार हाय,” असं ओरडत होता. तेव्हा वहिनी उठली. पदर नीट केला आणि म्हणाली, “दत्ता भावजी, तुमी बोला. चावडीचं बोला.”

 दत्ता म्हणाला, “वयनी, त्ये तर सांगितलं की आत्ताच...” म्हणून मी पुढे झाले. “आधी तो कर्णा बंद कर दत्ता. शब्द द्यायचा तो हातात पाणी घेऊन, तोंडानं द्यायचा.” त्याने चहूकडे बघितलं. माणसं भुकेली होती, आणि भुकेल्या माणसांसमोर सरपंचाचं काही चालत नाही. कर्णा बंद झाला. ओंजळीत पाणी घेऊन दत्ता पुटपुटला, “चावडीला हात लावनार न्हाय.” मी म्हटलं, “मोठ्यानं.” तो मोठ्याने म्हणाला. आम्ही सगळे मागे सरकलो. नदीवर शांत झालं, आणि बाभळीवरचा एक कावळा उतरला, पिंडापाशी दोन उड्या मारल्या आणि चोच मारली. बायका रडू लागल्या. दत्ता पांढरा पडला. कावळे इतका वेळ कशाला बुजत होते ते मला पहिल्यापासून दिसत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

गेल्या आठवड्यात कळंबला गेले होते. चावडी उभी आहे. तिला हात लावायची आता कुणाची छाती नाही, आणि कमानीखाली एकटी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा मला मनसोक्त रडता आलं. पण गाव ते गावच. उंबऱ्यावर नारळ फोडलेला होता, हळदकुंकवाचा चिखल झाला होता, आणि त्या काळ्या दगडाच्या तिन्ही कमानींना पायापासून डोक्यापर्यंत भगवा ऑइलपेंट फासला होता. खर्च दत्ताने केला म्हणे, तसं पाटीवर लिहिलंही आहे. शेजारची म्हातारी लगबगीने आली आणि म्हणाली, “चप्पल काढ गं नलूबाई. जागृत जागा हाय.” मी चप्पल काढली. आणि त्या चिकट, चकाकत्या दगडाला पाठ टेकून वाट बघत राहिले... आत्ता आप्पा येईल, हे बघेल, आणि गावासकट माझाही असा उद्धार करेल की पलीकडच्या भवानीनगरपर्यंत ऐकू जावं. बराच वेळ थांबले. कुणी मला शिव्या द्यायला आलं नाही.