फायनलचं केंद्र

शुभदाच्या सासूबाईंनी नापास केली नाही अशी जागा अमेरिकेत अजून बांधली गेलेली नाही. विमानतळ, देवळं, दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम, लग्नाचे हॉल, आमच्या गावाची लायब्ररी, प्रत्येक ठिकाणी त्यांना काही ना काही खोट सापडलेली आहे, आणि तीही आत शिरल्यापासून पाच मिनिटांत. शुभदा माझी मैत्रीण. पेनसिल्व्हेनियातल्या या गावात मराठी घरं मोजून सहा, त्यातलं तिचं माझ्या घरापासून सगळ्यात जवळ. तिच्या सासूबाई सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि सव्वीस वर्षं दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या केंद्रसंचालक. म्हणजे दर मार्चमध्ये आजूबाजूच्या शाळांतली चारशे मुलं त्यांच्या शाळेत पेपर लिहायला येणार आणि त्या चारशे मुलांच्या बाकापासून घंटेपर्यंत सगळ्याला या जबाबदार. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मग मुलाकडे इकडे आल्या. शाळा सुटली, गाव सुटलं, केंद्र मात्र त्या सामानाबरोबर घेऊन आल्या.

त्यांना घेऊन हॉटेलात जेवायला जायचं म्हणजे अर्धा तास आधी निघावं लागे. काकू आधी स्वच्छतागृह बघून येणार, नळ सोडून बघणार, मग बाहेर पडायचे दरवाजे किती ते बघणार, मग आम्हाला दिलेल्या टेबलाच्या चारही खुर्च्यांवर एकामागून एक बसून बघणार. तोवर वेटर वही घेऊन त्यांच्यामागे फिरत असायचा. दातांच्या डॉक्टरकडे त्यांनी दोन पेशंटांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून सगळ्यांना नव्याने बसवलं होतं. एकानेही हरकत घेतली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मंडळाच्या गणपतीसाठी आम्ही एका शाळेचा हॉल जवळजवळ नक्की केला होता, तो त्यांनी रद्द करायला लावला, कारण घड्याळ खांबाच्या मागे होतं आणि डावीकडच्या लोकांना ते दिसणार नव्हतं. मी म्हटलं, काकू, सगळ्यांच्या हातात फोन असतात, घड्याळ कोण बघतंय? त्या म्हणाल्या, "फोन बाहेर जमा करून घ्यायचे असतात."

मी काही कुणाचं कौतुक करत बसणारी बाई नाही, पण मला त्यांच्याबद्दल कुतूहल होतं. कारण हे सगळं तपासून झालं की त्या स्वतः हटकून सगळ्यात वाईट जागेवर बसायच्या. उन्हातली, दाराजवळची, एक पाय डुगडुगणारी खुर्ची त्यांची. स्वतःसाठी ही बाई काही बघत नाही, तर मग कोणासाठी बघते, असं मी शुभदाला एकदा विचारलंसुद्धा. शुभदा म्हणाली, "अगं, तू रिसर्च नंतर कर. आधी प्लीज यार, त्यांना कुठेतरी घेऊन जा. कालपासून घरातल्या खिडक्यांची ऊन यायची वेळ लिहून ठेवतायत."

नेमकं त्याच वेळी माझ्याकडे एक काम होतं. मी आमच्या नगरपालिकेच्या क्रीडा आणि उद्यान विभागात नोकरी करते. आमच्या भागातल्या आठ छोट्या कॉलेजांची फुटबॉल लीग आहे. फुटबॉल म्हणजे इकडचा, हातात चेंडू घेऊन एकमेकांच्या अंगावर पडण्याचा. इतकी वर्षं लीगची फायनल गुणतक्त्यात वरच्या असलेल्या कॉलेजच्या स्वतःच्या मैदानावर व्हायची. त्यावरून तक्रारी झाल्या, म्हणून लीगने ठरवलं की यापुढे तीन वर्षांसाठी एकच गाव निवडायचं. इच्छुक गावांनी अर्ज करावेत, समिती येऊन पाहणी करेल. आमच्या गावाला नगरपालिकेचं एक जुनं मैदान आहे, त्याला दोन्ही बाजूंना जुने स्टँड आहेत, आणि कौन्सिलने मला स्पष्ट सांगितलं होतं की एखादा मोठा सामना मिळाला नाही तर पुढच्या वर्षी स्टँड पाडून तिथे पार्किंग करायचं. त्या मैदानासाठी मी नऊ वर्षं भांडले आहे. मला ती फायनल हवी होती.

काकूंना मैदानाकडे नेताना गाडीत हे सांगितलं, तर त्या एकदम ताठ बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं होम सेंटर होतं? आणि आत्तापर्यंत कुणी काही बोललं नाही?" ज्या शाळेचा विद्यार्थी, त्याच शाळेत त्याचा पेपर, याला त्यांच्याकडे होम सेंटर म्हणतात, आणि त्यांच्या मते शिक्षणखात्यात याहून मोठा गुन्हा नाही. पोरगा कितीही हुशार असो, आपल्याच बाकावर बसून मिळवलेल्या मार्कांकडे लोक संशयानेच बघणार, म्हणजे त्यात नुकसान त्या पोराचंच. त्या क्षणापासून ती फायनल माझी राहिली नाही.

पुढचे तीन आठवडे त्या रोज माझ्याबरोबर मैदानावर आल्या. मी त्यांचं नाव स्वयंसेवकांच्या यादीत घातलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, आणि त्यांनी ते साडीवरच्या जाकिटाला सेफ्टी पिन लावून पक्कं केलं. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत आणि त्यांनी समजून घेतलेही नाहीत. कॉलेजच्या टीमची प्रॅक्टिस चालली होती तेव्हा अकरा मुलं आत आणि चाळीसेक मुलं कडेला उभी बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "बाहेर उभे आहेत ते काय, नापास झालेले?" पण मैदानाचं म्हणाल तर मला नऊ वर्षांत जे दिसलं नव्हतं ते त्यांना तीन आठवड्यांत दिसलं. त्या दोन्ही स्टँडमधल्या प्रत्येक आसनावर बसल्या. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. डबा घेऊन यायच्या आणि जिथपर्यंत पोचल्या असतील तिथे बसून जेवायच्या. जिथून मैदान नीट दिसत नाही त्या आसनांना त्यांनी लाल लोकर बांधली. यजमान टीमच्या खोलीपासून मैदान साठ पावलं आणि पाहुण्यांच्या खोलीपासून दोनशे दहा, तेही घरच्या प्रेक्षकांच्या पुढून, हे त्यांनी मोजून काढलं. मी म्हटलं, काकू, समितीला ती खोली आपण घाईघाईत दाखवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्याच दिवशी जुन्या सामानाची एक खोली रिकामी करून पाहुण्यांसाठी तयार करायला घेतली. आता दोघांनाही सत्तर पावलं.

अर्जात शेवटचं कलम त्यांचं. आमच्या गावचं कॉलेज फायनलला आलं, तर त्या वर्षीचा सामना निवडीत दुसऱ्या आलेल्या गावाला द्यावा. ते लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, कारण आमचं कॉलेज लीगमध्ये तळाला असायचं आणि फायनलला पोचल्याचं इथल्या म्हाताऱ्यांनासुद्धा नीट आठवत नव्हतं. कागदावर छान दिसतंय, असू दे, असा माझा हिशेब.

समिती आली. तिघंजण होते, अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त कोच, उंच, कमी बोलणारे. मी त्यांना नवी खोली, दिवे, गेट दाखवत होते, आणि काकूंनी त्यांना सरळ लाल लोकरीपाशी नेलं. शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या की ही आमची वाईट आसनं, यांची तिकिटं विकू नयेत. अध्यक्ष खांबामागच्या एका आसनावर बसले, मान डावीकडे-उजवीकडे करून पाहिली आणि हसले. बाकीच्या गावांनी त्यांना फक्त चांगली आसनं दाखवली होती. महिन्याभराने पत्र आलं: आमचं गाव पहिलं, आणि निवडीचं मुख्य कारण म्हणून ते शेवटचं कलम.

आणि त्याच हंगामात आमचं कॉलेज जिंकायला लागलं.

पहिल्या विजयाला गाव खूश, दुसऱ्याला मीही खूश. चौथ्या विजयानंतर मी अर्जाची प्रत काढून ते शेवटचं कलम पुन्हा वाचलं. नगरपालिकेत लोक निळे टी-शर्ट घालून नाचत होते आणि मी मनातल्या मनात प्रतिस्पर्ध्यांसाठी प्रार्थना करत होते. कुणी ऐकली नाही. आमचं कॉलेज फायनलला पोचलं आणि माझा फोन वाजायला लागला. मेयर म्हणाले, गावाने इतक्या वर्षांनी काही कमावलं आणि तुझ्या एका ओळीने ते घालवणार का? ते चूक नव्हते. समितीचे अध्यक्षही शांतपणे म्हणाले की कलम तुम्हीच घातलंय, समोरच्या कॉलेजची हरकत नाही, तेव्हा लेखी मागे घेतलंत तर आम्ही आडकाठी करणार नाही, बुधवारपर्यंत कळवा.

मी मंगळवारी दुपारी काकूंकडे गेले. खरं सांगते, मी विचारायला गेले नव्हते, सुटका करून घ्यायला गेले होते. म्हाताऱ्या बाईने एकदा "असू दे गं" म्हटलं असतं की माझं काम झालं असतं. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक जुडी संपवली, आणि मग जे सांगितलं ते अजितसमोर, म्हणजे शुभदाच्या नवऱ्यासमोर, त्या घरात कुणी कधी बोलताना मी ऐकलेलं नाही.

अजित दहावीला होता त्या वर्षी त्याची बैठक त्यांच्याच केंद्रावर आली होती. मुलगा परीक्षेला असेल तर आईने केंद्रावरून बाजूला व्हायचं, असा नियम. "मी बाजूला व्हायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी काय केलं, अजितचंच केंद्र बदलून घेतलं. माझ्याशिवाय केंद्र चालायचं नाही असं वाटायचं मला." अजित एसटीने वीस-बावीस किलोमीटरवरच्या अनोळखी शाळेत गेला. पहिल्याच पेपरला त्याला ताप होता. "मी इकडे चारशे मुलांना पाणी मिळतंय की नाही ते बघत फिरत होते. माझ्या मुलाला मिळालं का, ते मी अजून विचारलेलं नाही."

मी सरळ विचारलं, "मग कलम काढू की ठेवू?"

"ठेव," त्या म्हणाल्या. "पण मुलांना पाठवायच्या आधी तिथे जाऊन ये. जागा बघून ये. मी नव्हते गेले."

निकाल इथेच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी विचारणार नाही. मी कलम ठेवलं. सामना दुसऱ्या आलेल्या गावात झाला, आमची मुलं थोडक्यात हरली, मेयर माझ्याशी जानेवारीपर्यंत कामापुरतंच बोलले. पुढची दोन वर्षं फायनल आमच्याकडे आहे, म्हणून स्टँड अजून उभे आहेत.

पण त्याआधी, त्या गुरुवारी, आम्ही तिकडे गेलो. रस्त्यावर बर्फ होतं, मला तिकडच्या घाटात गाडी चालवायची नव्हती, म्हणून अजितने सुट्टी घेऊन आम्हाला नेलं. आई कशासाठी चालली आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिचं नेहमीचं काहीतरी, एवढंच तो समजला. तिकडच्या माणसाने कुरकुर न करता सगळं उघडून दाखवलं. काकूंनी आमच्या मुलांची खोली पाहिली, हीटर लावून बघितला, नळ सोडले, पावलं मोजून वहीत लिहिली. मग मैदानाच्या कडेला खेळाडूंसाठी पत्र्याचा लांब बाक असतो, त्याच्या एका टोकाला जाऊन बसल्या. वारा असा होता की मला डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मी कुंपणापाशी थांबले. अजित त्यांना उठवायला गेला.

"आई, चल. केवढी थंडी आहे."

"अजित, त्या पहिल्या पेपरला तुला कुणी पाणी दिलं होतं का रे?"

अजित म्हणजे चहा घेणार का विचारलं तरी आधी घड्याळ बघून, मागचा चहा कधी झाला ते आठवून मग उत्तर देणारा माणूस. कुठला पेपर, असंही त्याने विचारलं नाही. लगेच म्हणाला, "दिलं होतं की. दोनदा."

इतकं लगेच, की मला ते खरं वाटलं नाही. मी अजून त्याला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. काकूंच्या मांडीवर वही उघडीच होती, त्यांनी तिच्यात काही लिहिलं नाही. त्या गार पत्र्यावरून थोड्या बाजूला सरकल्या आणि अजितला बसायला जागा करून दिली.