टिकलीखालची आठी

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "जरा रागावल्यासारखं करा." मला रागावताच येईना. रागवायला समोर कोणीतरी लागतं. एकटं राहिलं की चेहऱ्याला फारसं कामच उरत नाही. तरी दोन भुवयांमधली ती उभी आठी होतीच.

"इथे सुईने फिलर भरून ही आठी बुजवता येईल ना?" मी विचारलं.

"या जागी मी भरत नाही," त्या म्हणाल्या. "इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यात गेलं तर नजर जाऊ शकते. क्वचितच होतं, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही. घरी कोणी बोललं का आठीवरून?"

"घरी कोणी नाही," मी म्हटलं आणि आरसा परत दिला.

आठी तशी जुनीच. इतकी वर्षं तिच्यावर टिकली असायची. हे गेल्यावर कोणी काढ म्हटलं नव्हतं, मीच काढली, आणि आठी उघडी पडली. हे असते तर म्हणाले असते, "राहू दे गं, मी मेहनतीने पाडलीय ती."

घरी येऊन तोंड धुतलं. काढलेली टिकली आरशाला चिकटवायची माझी सवय. ती शेवटची टिकली बाथरूमच्या आरशावर अजून तशीच आहे. मी थोडी वाकले, जराशी डावीकडे सरकले. आरशातल्या माझ्या कपाळावर ती बरोबर आठीवर येऊन बसली.

मग बराच वेळ मी हललेच नाही.