‘बस गो’ म्हटल्यास बसते

"ऐकलंस काय गो, अलोऱ्याच्या सुलभानं शेवटी घेतलंन घरात!"

"कोणाला? त्या जेलातल्या—"

एवढ्यात एसटी सावर्ड्याला थांबली आणि माझ्या पुढच्या सीटवरच्या त्या दोघी पिशव्या सावरत उतरून गेल्यासुद्धा! मी खिडकीतून अर्धी बाहेर. "अहो बाई, कोणाला घेतलंन?" कंडक्टर ओरडला, "मावशी, डोकं आत!" डोकं आत घेतलं, पण जीव सावर्ड्यालाच राहिला.

कारण ही सुलभा माझ्या ओळखीची. तिचा नवरा दिनकर चार वर्षं आमच्या घरामागच्या जेलात होता. गेल्याच आठवड्यात सुटला. सुटला खरा, पण बायको घरात घेईल की नाही याचा त्याला घोर होता. त्याच्यापेक्षा जास्त मला होता. "तुला कशाला नसत्या चौकशा?" असं आमचे हे म्हणतात. पण जेलाला लागून घर असलं की चौकशा कराव्या लागत नाहीत हो! आमच्या परसाचा दगडी गडगा संपला की पलीकडे जेलची बाग. तिथले किस्से वाऱ्यावर पातेरा-पाचोळा यावा तसे आमच्याकडे येऊन पडतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच. त्यात जेलात कुत्री आली आणि मग तर मला झाडू खाली ठेवायला फुरसत नाही!

* * *

कुत्री आली तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्या शेजारचे मोरे भाऊजी जेलात हवालदार आहेत. ड्युटीवरून येताना गडग्यापाशी थांबले आणि म्हणाले, "वहिनी, आज सहा नवीन आलेत. दोघांना खरूज, एकाचा पाय अधू, आणि एक तर जाम खुनशी."

"अगो बाई! मग डॉक्टरला नाही दाखवलंत?"

"डॉक्टर मॅडमच घेऊन आल्या. उद्यापासून आंघोळ घालायची, पट्टा बांधायचा, आणि बस म्हटलं की बसायला शिकवायचं."

"भाऊजी, कैदी झाले म्हणून काय झालं? माणसंच ना ती? पट्टा कसला बांधता!"

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, मी कुत्र्यांचं बोलतोय."

"आणि तो खुनशी?"

"तो पण कुत्राच. कैदी सगळे गरीब आहेत!"

तर गोष्ट अशी होती. गाडीखाली सापडलेली, कोणी रस्त्यावर टाकून दिलेली कुत्री या डॉक्टर मॅडम सांभाळतात. त्यांच्याकडे जागा पुरेना, आणि जेलातल्या माणसांचा वेळ सरेना. मॅडमनी जेलर साहेबांना गळ घातली. एकेका कुत्र्याला एकेक कैदी. त्यानं त्याला खाऊ घालायचं, शिकवायचं, माणसाळवायचं. शहाणं झालं की कोणीतरी चांगलं माणूस बघून घरी न्यायचं. मला पहिल्यांदा वाटलं, ही काय थेरं? आता मी गडग्यावर रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभी असते.

* * *

नावं कैद्यांनीच ठेवली. टॉमी-मोती कोणाला सुचणार तिथे? एका दांडग्या काळ्या कुत्र्याचं नाव पडलं जामीन. का, तर "आमच्यापैकी कोणाला मिळत नाय, निदान नावानं तरी मारू हाक!" आणि ती अधू पायाची, तीन पायांवर उड्या मारत चालणारी तपकिरी कुत्री होती, तिचं नाव तारीख. कारण हाक मारली की येत नाही, आणि आलीच तर लगेच पुढे पळते!

एक दिवस एक नवीन वकील आपल्या माणसाला भेटायला गेटवर आले. पोरसवदा, काळा कोट, हातात फाईल. तेवढ्यात आतून गलका. "जामीन सुटला! अरे जामीन सुटला! धरा त्याला!"

वकीलसाहेब पांढरेफटक. "अहो, सुटला कसा? मी अजून अर्जसुद्धा केला नाही!"

* * *

तारीख कोणाला द्यायची हा प्रश्न होता, कारण ती कोणाकडे जाईचना. जी पंपाच्या खोलीमागे शिरून बसली, ती माणसाची सावली दिसली तरी थरथरायची. शेवटी मॅडमनी ती दिनकरला दिली, तेव्हा भाऊजीसुद्धा दचकले. दिनकर म्हणजे तापट माणूस. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या हातावर कोयता चालवलान, म्हणून तर आत आला. आत आल्यावरही पहिलं वर्षभर कोणाशी धड बोलला नव्हता.

मी गडग्यावरून बघत होते. हा माणूस पंपाच्या खोलीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसला. बाजूला आपल्या पानातली अर्धी पोळी. तासभर बसला, उठून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला राहवेना. "अहो, हाक तरी मारा तिला!" मी इकडून ओरडले. त्यानं फक्त तोंडावर बोट ठेवलं. मला गप्प करणारा माणूस आमच्या आळीत अजून जन्मायचा आहे, पण मी गप्प बसले!

आठव्या दिवशी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दिनकर, आता तिला हुकूम द्यायला सुरुवात करा."

तो म्हणाला, "मॅडम, हुकूम देऊन देऊनच मी इथं आलोय."

आणि मग पाठ फिरवूनच, अगदी तान्ह्या पोरीशी बोलावं तसं म्हणाला, "ये गो. ये बाय. नसेल यायचं तर ऱ्हाव दे."

तारीख आली. पोळी खाल्लीन, आणि त्याच्या पाठीला नाक लावून उभी राहिली. तो हलला नाही. मी मात्र पदराला डोळे पुसताना चहाचा कप गडग्यावरून जेलात पाडला. कप अजून तिकडेच आहे.

* * *

मॅडमचा नियमच तो. ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही, गोड बोलायचं. ज्यांचं नाव ऐकून गावात लोक वाट बदलायचे, ते दांडगे बाप्ये "शाब्बास रे माझ्या राजा" म्हणत कुत्र्यांच्या मागे फिरतात! ते ऐकून ऐकून मला वाटलं, आपणही घरात करून बघावं.

संध्याकाळी हे आले. मी एकदम हळू आवाजात म्हटलं, "आलात? या. बसा हं. दमला असाल."

यांच्या हातातली पिशवी खाली पडली. "काय झालं? कोण गेलं?"

* * *

जामीनला आमच्या आळीतल्या रिटायर मास्तरांनी घरी नेलं. मास्तर म्हणजे नोकरीत कडक, पण रिटायर झाल्यावर संध्याकाळी नाक्यावर गप्पा ठोकत बसायचे ते आठ-आठ वाजेपर्यंत. त्यांच्या बायकोनं जन्मभर सांगून उपयोग झाला नव्हता.

आता जेलात संध्याकाळी काय होतं, तर गिनती. सगळे जोडीजोडीनं ओळीत बसतात, मोजदाद होते, आणि मग कोठड्या बंद. कुत्रीही त्याच ओळीत बसायची. जामीनच्या अंगात ते इतकं भिनलं होतं, की मास्तरांच्या घरी पाच वाजले की तो पडवीत जाऊन बसायचा आणि घरात माणसं किती ते बघायचा. एक कमी! झालं. नाक्यावर जायचा, मास्तरांच्या लेंग्याचं टोक दातात धरायचा आणि ओढत घरी आणायचा. ते आत शिरले की दारात आडवा. सकाळपर्यंत बाहेर सोडायचं नाव नाही!

मास्तर भाऊजींना म्हणाले, "मोरे, हा कसला कुत्रा दिलात? तो सुटला आणि मी आत गेलो!"

मास्तरीणबाईंनी मात्र जेलर साहेबांना फणसाची भाजी पाठवली.

* * *

कुत्रं घरी देताना कैदी सोबत एक कागद देतो. त्याला काय आवडतं, कसं वागवायचं, ते सगळं हातानं लिहून. जामीनच्या कागदावर होतं, ‘चपला उंच ठेवाव्यात.’ दिनकरनं तारखेचा कागद लिहिला तो असा : ‘बस गो म्हटल्यास बसते. नुसते बस म्हटल्यास बसत नाही. आवाज चढवू नये. भांडे पडल्यास घाबरते, तेव्हा तिच्याजवळ जाऊन काही न बोलता बसावे.’

पण तीन पायांवर चालणारी कुत्री नेणार कोण? कोणी नेईना. आणि दिनकरची सुटका जवळ आलेली. भाऊजी म्हणाले, "अरे, तूच ने." तर म्हणाला, "तिला नेईन हो. पण मला कोण नेतोय?" चार वर्षांत सुलभा एकदाही भेटीला, जेलच्या भाषेत मुलाखतीला, आली नव्हती. पत्रांना उत्तर नाही. जेलातून सुटून जायचं कुठे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

माझी बहीण चिपळूणला असते. मी सहज तिच्याकडे गेले आणि सहजच अलोऱ्याला उतरले. तारखेचा कागद पर्समध्ये होता. तो तिथे कसा आला ते भाऊजींना विचारू नका.

सुलभा कॉलनीतल्या चार घरी पोळ्या करते. पदराला पीठ लागलेलं, तशीच उभी राहून कागद वाचलान. दोनदा वाचलान.

"कुत्री भित्री होती?"

"खूप गो! आठ दिवस समोर आली नाही."

"आणि हे ओरडले नाय?"

"एकदाही नाही. मी स्वतः गडग्यावरून बघत होते ना."

ती कागदाची घडी घालत म्हणाली, "काकू, भांडं पडलं तर मी पण घाबरायची. चौदा वर्षं. तेव्हा तुमचा गडगा कुठं होता?"

चहा न घेता परत आले. वाटलं, आपण मध्ये तोंड घातलं आणि त्या माणसाचं उरलंसुरलंही घालवलं.

* * *

तीन आठवड्यांनी भाऊजी धावत गडग्यावर. "वहिनी, आली! सुलभा आली मुलाखतीला!"

पुढचं सगळं भाऊजींच्या डोळ्यांदेखतचं. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे दिनकर. ती जाळीकडे न बघता बाकड्यावर टेकली. मग ती भाऊजींना म्हणाली, "मला कुत्री बघायची हाय."

जेलर साहेबांची परवानगी काढून भाऊजींनी तारीख तिच्या बाजूला आणून सोडली. सुलभा म्हणाली, "बस." तारीख उभीच. "बस!" ती बाकड्याखाली जाऊन लपली.

जाळीतून दिनकर हळू म्हणाला, "आवाज चढवू नको. ‘गो’ लाव."

सुलभानं खाली वाकून म्हटलं, "बस गो."

तारीख बाहेर आली आणि तिच्या पायाशी बसली.

सुलभा जाळीकडे बघत राहिली. "हे तुम्हाला आधीपासून येत होतं?"

"नाय," दिनकर म्हणाला. "तिनं शिकवलंन."

ती उठली, पदर खोचलान आणि भाऊजींना म्हणाली, "फॉर्म कुठं भरायचा? कुत्री मी नेते. ह्यांचं नंतर बघू!"

सुटकेच्या दिवशी ती टेम्पो घेऊन आली. पुढे ड्रायव्हरशेजारी ती आणि तिच्या मांडीवर तारीख. दिनकर मागे हौद्यात, पिशवी पोटाशी धरून. टेम्पो वळला, आणि पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही. मग परवा एसटीतलं ते अर्धं वाक्य. आता सांगा, मी गप्प कशी बसणार?

* * *

काल सकाळी पहिली गाडी पकडली आणि थेट अलोरे. कारण काय सांगायचं? आमसुलं घ्यायची होती!

घराशी पोचले आणि पाय जागीच थांबले. दिनकर पडवीत बसलेला, हात मनगटापर्यंत लालभडक! माझ्या तोंडून "अगो बाई!" निघून गेलं. मग समोरचं सूप दिसलं. रातांबे फोडत होता बापडा, आमसुलांसाठी.

"या काकू, बसा," तो म्हणाला. त्याच्यामागे भिंतीशी गुंडाळलेली चटई, चादर, जेलातून आणलेली ती पिशवी. मी ते सगळं नीट बघून घेतलं. आतून पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता.

मी तशीच दारातून आत डोकावले. "सुलभा, लोक म्हणतात घेतलंस घरात. खरं काय गो?"

"कुत्रीला घेतलंय," ती म्हणाली. "चुलीजवळ झोपते."

"आणि ह्यांना?"

लाटणं थांबलं. बाहेर काही आली नाही. आतूनच म्हणाली, "काकू, पडवी घरात धरतात की भायेर?"

मी दिनकरकडे बघितलं. त्यानं मान वर केली नाही. रातांब्यातली बी काढता काढता म्हणाला, "मला नका विचारू. माझी पुढची तारीख पडलीय."

नाव ऐकलं मात्र, आणि चुलीजवळून उठून तीन पायांवर उड्या मारत तारीख पडवीत आली. त्याच्या मांडीला टेकून बसली.

आतून सुलभाचा आवाज आला, "आली बघा!"