भट्टीपुढचा नारळ

आमच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीची पूजा दर खंडेनवमीला न चुकता होई. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. पेटवली मात्र ती वर्षानुवर्षं नव्हती. खनिजातून धातू काढण्याचं शास्त्र मी नागपुरात फळ्यावर शिकवत होतो. खडूने भट्टी काढायची, खडूनेच मळी आणि धातू वेगळे करायचे. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्याचा प्रकार. मला त्याचा मनस्वी संताप येई.

त्या वर्षी कुहीकडच्या एका विद्यार्थ्याला पोलाद कारखान्याचं मुलाखतीचं बोलावणं आलं. घर धानाच्या शेतीवर चालणारं, नोकरीची निकड मोठी. मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असे: वितळलेला धातू ओतताना पाहिला आहे का? मी विभागप्रमुखांच्या इतका मागे लागलो की शेवटी वैतागून त्यांनी भट्टी पेटवायला परवानगी दिली.

तांबं छान वितळलं. ओतण्याचा लोखंडी साचा आम्ही आदल्या दिवशीच वाळवून ठेवला होता. ओल्या साच्यात तापलेला धातू पडला, की वाफेने उसळून अंगावर येतो. हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की पोरं माझी नक्कल करत. विद्यार्थ्याने वितळलेल्या तांब्याची मूस चिमट्यात धरली, तेवढ्यात विभागप्रमुख नारळ घेऊन आले. शुभकार्य नारळाशिवाय कसं व्हायचं? फोडायला कडक काठ हवा, म्हणून त्यांनी तो थेट साच्यावरच आपटला. पाणी सगळं आत.

धातुशास्त्राचे प्राध्यापक, आणि मला हा विषय त्यांनीच शिकवलेला.

"ओतू नको," मी ओरडलो. मूस परत भट्टीत ठेवली, साचा पुन्हा वाळवायला घेतला आणि वीज गेली. भट्टीला वारा देणारा पंखा थांबला. तांबं मुशीतच थिजलं. "मुहूर्तच चुकला," म्हणत विभागप्रमुखांनी खोबरं वाटलं आणि प्रयोगशाळेला कुलूप लावलं. हातावर ठेवलेलं खोबरं मी चडफडत खाल्लं.

मुलाखतीहून विद्यार्थी सरळ माझ्याकडे आला.

"त्यायनं तेच इचारलं, सर. धातू ओततानी पायला काय म्हणून."

"मग?"

"खरं सांगतलं. ओततानी नाही, थांबवतानी पायला."

"काय म्हणाले?"

"हसले. अन् पुढच्याले बोलावलं. काहून थांबवला, हे कोणी इचारलंच नाही."